मधलीचा खांदा

मी खांद्याचं चाक बोलतोय. इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात, खिडकीच्या उजव्या हाताला, बोल्ट ठोकून मला भिंतीवर बसवलं होतं. व्याकरणात चाक नपुंसकलिंगी असतं हे मला ठाऊक आहे. पण ज्या वेल्डरने माझी सळई वाकवून टोकं जोडली, तो मला पहिल्यांदा फिरवून बघताना "फिर रे गड्या" म्हणाला होता. तेव्हापासून मी स्वतःला 'तो'च समजतो.

माझी रचना साधी. लोखंडी कडं, मधे आडवी पट्टी, पट्टीवर लाकडी मूठ आणि मागच्या फळीवर अंशांचे आकडे. मधल्या स्क्रूने मला हवं तितकं जड करता येतं. ज्याचा खांदा आखडलाय त्याने माझ्याकडे कूस करून उभं राहायचं, मूठ धरायची आणि खांदा जाऊ देईल तिथपर्यंत मला फिरवायचं. सुरुवातीला बहुतेकांचा हात पाव गोलावरच अडतो.

माणसांची एक रीत मी पाहून ठेवलीय. पहिल्या दिवशी ती मला शिव्या घालतात, मग माझी सवय करून घेतात, आणि बरी झाली की मागे वळूनही बघत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. गरज सरो, वैद्य मरो. आणि मी तर वैद्यही नाही.

वैद्य होती ती कोनबाई. हे नाव रुग्णांनी ठेवलेलं. वयाने तरुण, केस घट्ट बांधलेले, खिशात कायम कोन मोजायची पट्टी. ती हसत हसत माणसाला रडवायची. "अजून थोडंसं," असं ती म्हणाली की समजावं, आता जीव जाणार. तिचा उद्देश मात्र चांगला असे. त्या खोलीत वेदना देणारी ती एकटीच अशी होती, जिला त्यातून काही चांगलं घडवायचं होतं.

तर एका सकाळी मधली आली.

तीन भावांच्या घरातली ती मधली सून. घरात सगळे तिला मधलीच म्हणायचे, सासऱ्यापासून पुतण्यांपर्यंत. उजवा हात तिने पोटाशी धरला होता, मांजराने दुखरा पाय धरावा तसा. सोबत नवरा होता.

"काय काम करता तुम्ही?" कोनबाईने तिला विचारलं.

उत्तर नवऱ्याने दिलं. "काही नाही, घरीच असते."

"घरी काही जड उचलावं लागतं?"

"तसं जड नाही. बाबांना उचलते, तेवढंच. त्यांना अर्धांगवायू झालाय, डावी बाजू गेलीय. उठवणं, खुर्चीत बसवणं, अंघोळ, कूस बदलणं."

"वजन किती असेल त्यांचं?"

"भरपूर. लाकडाची वखार होती त्यांची. उभा ओंडका एकट्याने फिरवायचे."

"आणि तुम्ही हात लावत नाही?"

"माझी कंबर धरते हो." असं म्हणत त्याने खुर्चीवर ठेवलेली वाळूची जड पिशवी एका हाताने उचलून बाजूला ठेवली आणि बसला. "मोठ्या दादाचं ऑफिस, धाकट्याचं बाळ लहान. शिवाय बाबांना हिच्याशिवाय दुसऱ्याचा हात चालत नाही. त्यांची जीभ जड झालीय, बोलणं कुणालाच कळत नाही. हिलाच कळतं. आमची दुभाषीच आहे म्हणा ना!" आणि तो मोकळेपणाने हसला.

कोनबाईने मधलीची बाही वर केली. दंडाच्या आतल्या नाजूक भागावर निळे-काळे डाग होते, जोडीजोडीने.

"हे काय?"

"पलंगाची कड लागते," मधली म्हणाली. त्या दिवशी ती बोललेलं हे पहिलंच वाक्य.

पलंगाच्या कडेला नखं नसतात. कोनबाईलाही ते कळलं असावं. पण तिच्याकडे खांदा दुरुस्तीला आला होता. तिने बाही खाली ओढली आणि कोन मोजला. मग नवऱ्याला बजावलं, "खांदा पार आखडलाय. मी सांगेपर्यंत हिने काही उचलायचं नाही. माणूस तर नाहीच, पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"मग बाबांचं काय?" नवरा म्हणाला.

"ते तुम्ही तिघं भाऊ बघा."

नवऱ्याचा चेहरा असा झाला, जणू रोज वाहता असलेला नळ अचानक कोरडा पडावा.

त्यानंतर मधली नेमाने येऊ लागली. आधी शेक, मग कोनबाईच्या हाताखाली ताणणं, मग मी. ताणताना ती ओरडत नसे. ओठ आत घेऊन छताकडे बघायची आणि डोळ्यांतून पाणी कानात उतरायचं. माझ्या मुठीला तिचा घाम रोज कळायचा. तिचा खांदा एका जागी येऊन असा अडे, जसं दारापलीकडे कुणी कपाट लावून ठेवलंय.

तिच्या वेळेला एक पार्लरवाली यायची. साखरेच्या आजाराने तिचाही खांदा आखडला होता, पण जीभ मात्र तेल घातल्यासारखी चालायची. "अगं, बायकांच्या केसांत बोटं घालून माझं पोट चालतं," ती म्हणायची, "आणि आता स्वतःची वेणी घालायला शेजारणीला हाक मारावी लागते. सुताराच्या घरी मोडका पाट!"

तिच्यापाशी मधली हळूहळू बोलायला लागली. सासऱ्यांना उचलायला उशीर झाला, नाहीतर उचलताना त्यांना हिसका बसला, की ते धडधाकट उजव्या हाताने तिचा दंड चिमटीत धरत आणि पिळत. मुद्दाम आतल्या बाजूने, कुणाला दिसू नये म्हणून.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आजारी माणूस आहे, त्याचं काय मनावर घेतेस."

"आणि खांदा दुखायला लागला तेव्हा?"

"तेव्हा मामंजींनाच म्हटलं, दोन दिवस दुसऱ्या कुणाला सांगते. हसले. म्हणाले, बैलाचा खांदा सुजला म्हणून गाडी थांबते का? त्या दिवशी अंग मुद्दाम ढिलं सोडलं त्यांनी. सगळा भार खांद्यावर. कट्कन आवाज आला आतून."

पार्लरवालीने स्वतःच्या खांद्यावरची शेकाची पिशवी काढून तिच्या खांद्यावर ठेवली.

काही आठवड्यांनी मधलीच्या चेहऱ्यावर रंग आला. "परवा मी गरम जेवले," ती पार्लरवालीला म्हणाली, एखादी परदेशवारी सांगावी तशी. "सगळ्यांबरोबर बसून. मधे कुणी हाक मारली नाही. आणि दुपारी झोपलेसुद्धा."

"मजा आहे बाई तुझी. पण एक लक्षात ठेव," पार्लरवाली हसत म्हणाली, "बरी झालीस की संपलीस!"

ती थट्टेत बोलली. मधली हसली नाही.

खांदा सुटत होता. पलीकडचं कपाट रोज थोडं सरकत होतं. मग एक दिवस, कोनबाई पडद्यामागे दुसऱ्या रुग्णाचा गुडघा वाकवत असताना, मधलीने मला धरलं आणि मी फिरलो. पाव गोल, अर्धा गोल, डोक्यावरून, पलीकडून खाली आणि पुन्हा जाग्यावर. पूर्ण. मला वाटलं, आता ही ओरडेल, "बाई, बघा!" हा क्षण मी पुष्कळ पाहिलाय. माणसं नाचतात, एकाने तर माझा मुका घेतला होता.

मधलीने पडद्याकडे पाहिलं. हळूच मूठ खाली आणली. आणि कोनबाई आली तेव्हा तिचा हात पुन्हा अर्ध्यावर थांबला होता. "इथून पुढे जात नाही बाई. फार दुखतं."

आखडलेला खांदा थांबतो आणि थांबवलेला खांदा थांबतो, यात फरक असतो. पहिल्यात माणूस पुढे ढकलत असतो. दुसऱ्यात मागे ओढत असतो. मला तो फरक मुठीतून कळायचा. कोनबाईला कळला नाही. तिने ताणलं की मधली अंग ताठ करून कण्हायची, आणि दुखणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवायचं कोनबाई शिकली नव्हती. ती स्वतःलाच दोष देऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं उघडून बसे, डबा तसाच राही. "माझंच काहीतरी चुकतंय," एकदा ती मधलीला म्हणाली. मधलीने मान खाली घातली, पण हात वर नेला नाही.

घरी काय चाललंय ते तिच्याच बोलण्यातून कळायचं. आधी भावांनी पाळ्या लावल्या. मग मोठा म्हणे, आज धाकटा बघेल. धाकटा म्हणे, मधला घरातच आहे. आणि मधल्याची कंबर. तिघांचं घोंगडं भिजत पडलं, आणि त्या घोंगड्याखाली म्हातारा एकाच कुशीवर.

"मामंजींच्या खोलीतून वास येतो," एक दिवस मधली म्हणाली.

"जखम झाली असेल पाठीला," पार्लरवाली दचकून म्हणाली. "अगं, पडून पडून मांस कुजतं. कुणाला तरी सांग."

"सगळ्यांना नाकं आहेत."

"पण तू..."

"मला काही उचलायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, की शेकाची पिशवी खांद्यावर असूनही पार्लरवालीने पदर अंगाभोवती ओढून घेतला. पुढे तिचा उपचार संपला. जाताना ती मधलीशी नेहमीसारखं बोलली नाही.

आणि मग तो दिवस आला.

दुपार होती. कोनबाई वरच्या मजल्यावर वॉर्डातले रुग्ण बघायला गेली होती. मधली माझ्यापाशी उभी होती. दार उघडून नवरा आत आला, चाकाच्या खुर्चीत बापाला ढकलत. "कुठेतरी जखम झालीय, दाखवायला आणलंय," तो तिला म्हणाला. "डॉक्टरांकडे रांग आहे. मी केसपेपर काढून येतो, तोवर हे इथे असू देत." आणि गेला.

म्हातारा खुर्चीत कलला होता. अंगावरचं मांस उतरलं होतं, हाडं मात्र वखारवाल्याचीच. खोलीत वास पसरला. त्याचा सगळा भार नेमका जखमेवर येत होता. कमरेखालून धोतराला पिवळा डाग दिसत होता. उजव्या हाताने त्याने खुर्चीचा दांडा धरून स्वतःला उचलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा जखमेवर बसला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा ताणताना कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

"मध... ले," तो म्हणाला. जीभ टाळूला चिकटत होती. "उ... चल. जरा... उचल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही काखांत हात घालून, किंचित पुढे झुकवून, उशी सरकवायची. एवढंच काम. ते तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

"पाया... पडतो," म्हातारा म्हणाला. आयुष्यात हे शब्द त्याने कधी उच्चारले नसावेत. ते जखमेहून जड वाटत होते.

मधलीने दाराकडे पाहिलं. मग माझी मूठ धरली. आणि त्याच्या डोळ्यांत बघत तिने मला फिरवलं. सावकाश. डोक्यावरून, पलीकडून खाली, जाग्यावर. पुन्हा एकदा. स्क्रू घट्ट होता, तरी मी लोण्यासारखा फिरलो.

म्हाताऱ्याची जीभ गेली होती, अक्कल नव्हे. त्याला कळलं. तो मला बघत होता, मग तिला, मग मला. तोंडाचा चांगला कोपरा थरथरला आणि तो जिवाच्या आकांताने ओरडू लागला.

त्याच वेळी नवरा केसपेपर घेऊन धावत आला. "काय झालं? काय म्हणतायत बाबा?"

"हा... फि... तो!" म्हातारा मधलीकडे बोट दाखवत होता. "हा... त! फि... तो!"

"काय म्हणतायत ग?"

मधलीने मूठ सोडली. "पाठीवरून हात फिरवा म्हणतायत," ती म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा विरघळला. बापाने त्याच्याकडून कधी माया मागितली नव्हती. तो खुर्चीमागे वाकला आणि बापाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मानेपासून खाली, कमरेपर्यंत, आणि कमरेच्या खाली. म्हातारा किंचाळला.

"हो बाबा, हो. मी आहे ना. बरं वाटतंय का?" आणि तो आणखी प्रेमाने, आणखी दाबून हात फिरवत राहिला. म्हातारा "फि... तो, फि... तो" करत राहिला. मधली खिडकीतून बाहेर बघत होती.

कोनबाई आली ती दारातूनच ओरडली, "अहो, थांबा! जखमेवर भार आहे त्यांचा!" तिने वॉर्डबॉयना हाका मारल्या, म्हाताऱ्याला कुशीवर घेतलं आणि वर पाठवलं.

तो पुन्हा खाली आला नाही. वॉर्डातल्या नर्सेस सांगायच्या, आजोबा येईल त्याला "फिरतो, फिरतो" म्हणतात. बहुतेक बागेत फिरायचंय. "बरे व्हा, मग फिरवून आणू हं," असं म्हणून त्या त्याची चादर नीट करायच्या. जखमेचं विष रक्तात उतरलं आणि तो गेला. ज्याला जिवंतपणी उचलायला एक माणूस सापडत नव्हता, त्याला मेल्यावर खांदा द्यायला तिन्ही मुलं हजर होती.

काही दिवसांनी मधली नवऱ्याबरोबर आली. मूठ धरली आणि कोनबाईच्या देखत मला पूर्ण फिरवलं. कोनबाईने टाळी वाजवली, तिचे डोळे भरून आले. एवढे दिवस उपाशी राहून वाचलेलं फळाला आलं, असं तिला वाटलं. मधलीने तिला तसं वाटू दिलं.

"बाबांची कृपा," नवरा म्हणाला. "तुम्हाला सांगतो बाई, आयुष्यभर कडक माणूस. पण शेवटी इथे, याच खोलीत, मला म्हणाले, पाठीवरून हात फिरव. मी फिरवला. तेवढं एक पुण्य पदरात पडलं माझ्या." त्याने डोळे पुसले. मग रुमालाची घडी घालत म्हणाला, "बरं, आता हिला उचलायला हरकत नाही ना? मोठ्या वहिनींची आई आमच्याकडे येतेय राहायला. मांडीचं हाड मोडलंय. हिला सवय आहे म्हणून वहिनी म्हणाल्या..."

"ते तसं म्हणत नव्हते," मधली म्हणाली.

"कोण?"

"मामंजी. हात फिरवा म्हणत नव्हते. हात फिरतो म्हणत होते. माझा. मी त्यांना इथेच फिरवून दाखवला होता, तुम्ही यायच्या आधी. कधीचाच बरा झाला होता."

कोनबाई हळूच स्टुलावर बसली.

नवरा हसला, थट्टा ऐकावी तसा. मग त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "पण मी... मी हात फिरवत होतो तिथे..."

"तिथेच जखम होती. जखम आहे एवढं तुम्हाला ठाऊक होतं, कुठे आहे ते नव्हतं. कधी चादर वर करून बघितली असतीत, तर ठाऊक असतं."

त्याने स्वतःच्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. तो पँटला पुसला. पुन्हा पाहिला, पुन्हा पुसला.

"वहिनींच्या आईला मी उचलणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, थरथरतही नव्हता. "आणि मी काय केलं ते घरात सांगायचं असेल तर सांगा. काय म्हणायचं ते म्हणा मला. पण उचलणार नाही." तिने पर्सचा पट्टा त्याच खांद्यावर अडकवला आणि दाराकडे निघाली. कोनबाईला काहीतरी बोलायचं होतं, तोंडातून फक्त रोजचं वाक्य निघालं, "घरी व्यायाम चालू ठेवा." मधलीने वळून मान हलवली. नवरा बराच वेळ बाकावर बसून होता, तळवा वर करून, त्यावर काही ठेवलंय आणि ते सांडेल अशा बेताने.

पुढे त्या घरात काय झालं, मला ठाऊक नाही. त्यानंतर रुग्णाची बाही वर केल्यावर डाग दिसले, तर कोनबाई ती खाली ओढत नसे. दार लावून घेई आणि विचारत बसे. तिच्या दारापाशी मग रांग वाढायची आणि लोक कुरकुरायचे.

आता माझ्या जागी स्क्रीनवालं यंत्र आलंय. ते आकडे स्वतःच मोजतं, बोलतंसुद्धा. माझे बोल्ट काढून मला गोदामाच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवलंय. भंगारवाला येईल तेव्हा जाईन. त्या दोघांत जास्त निर्दय कोण, म्हातारा की मधली, हे मला सांगता येत नाही. मला अंश कळतात, पाप नाही.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी "खांदा दुखतो" म्हणालं, तर पहिल्याच वेळी उठा आणि ओझ्याची दुसरी बाजू धरा. दुसऱ्यांदा ते माणूस सांगणार नाही, गप्प बसेल. आणि गप्प बसलेल्या माणसाच्या हातून काय काय होतं, ते मी पाहिलंय.